कुत्र्या-मांजरांचा ताप: मोजायचा कसा, वाचायचा कसा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दवाखान्याचं शटर वर जायच्या आधीच फोन सुरू होतात. "मॅडम, मोत्याचं आंग तपी ऱ्हायनं, काय देऊ?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: "मोजला का?" पलीकडे क्षणभर शांतता, मग उत्तर येतं, "हात लावून पाह्यलं ना." भुसावळ, यावल, धरणगाव, अमळनेर, अगदी धुळ्याकडूनही तेच तेच प्रश्न वर्षानुवर्षं येत राहिले, म्हणून एकदाचे लिहून काढले. उन्हाळ्याबद्दल यात जरा जास्तच आहे. खान्देशात राहून ते टाळता येत नाही.

हात लावला की कुत्र्याचं अंग चांगलंच गरम लागतं. हा ताप नाही का?

बहुतेक वेळा नाही. कुत्र्या-मांजराचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. आपलं ९८.६ फॅरनहाइट धरतात. कुत्रा आणि मांजर दोघांचं साधारण १००.५ ते १०२.५, म्हणजे सेल्सिअसमध्ये ३८ ते ३९.२ च्या आसपास. त्यामुळे धडधाकट कुत्र्याच्या पोटाला हात लावला तरी तो तापलेला वाटणारच. "शंभरच्या वर म्हणजे ताप" हा हिशेब घरातल्या पोरांचा आहे. तो कुत्र्याला लावला तर तापी-गिरणाच्या खोऱ्यात एकही कुत्रं निरोगी निघायचं नाही.

शिवाय हाताला फक्त तुलना कळते. जानेवारीत पहाटे धुळ्याकडे पारा एक आकडी होतो, तेव्हा गारठलेल्या बोटांना सगळंच गरम लागतं. मे महिन्यात उन्हातून घरात आलात की त्याच बोटांना १०४ चा ताप कोमट लागतो. कान गरम, पोट गरम, एवढ्यावर शंका घ्या, पण औषध ठरवू नका.

नाक कोरडं आहे. ताप असेल का?

नाकाचा तापाशी संबंध लावू नका. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असतं, कूलरसमोर बसलेल्याचंही. १०५ ताप असलेल्या कुत्र्याचं नाक ओलं असलेलं मी कित्येकदा पाहिलंय.

कुठला थर्मामीटर घ्यावा?

मेडिकलवर मिळणारा साधा डिजिटल. शक्यतो टोक लवचीक असलेला, आणि दहा-वीस सेकंदांत बीप देणारा. दीड-दोनशे रुपयांच्या आत-बाहेर मिळून जातो. फॅरनहाइट आणि सेल्सिअस दोन्ही दाखवणारा असेल तर एकदा फॅरनहाइटवर ठेवा आणि परत बटणाला हात लावू नका. "मॅडम, ताप चाळीस आहे, म्हणजे कमी झाला ना?" असा फोन मला आलेला आहे. चाळीस सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरनहाइट.

घरात काचेचा, पाऱ्याचा जुना थर्मामीटर पडून असेल तर तो कुत्र्याला लावू नका. जनावर एकदा झटक्यात बसलं तर काच आत, पारा जमिनीवर, आणि दोन्ही निस्तरायला अवघड.

कोरोनात घेतलेली कपाळाची गन चालेल का? कानाचा थर्मामीटर?

गन केसांचं तापमान दाखवते. उन्हातून आलेल्या काळ्या लॅब्रेडॉरवर धराल तर घाबरून जाल, कूलरसमोरच्या पर्शियन मांजरावर धराल तर निर्धास्त व्हाल. दोन्ही आकडे खोटे. कानाचा माणसांचा थर्मामीटरही बसत नाही, कारण कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग आत वळते. आपल्या कानासारखी सरळ नसते. कानात मळ किंवा इन्फेक्शन असेल तर विचारूच नका.

मग नेमका कुठे आणि कसा लावायचा?

गुदद्वारातून. ऐकून लोक तोंड वाकडं करतात, पण घरच्या घरी भरवशाचा आकडा देणारी दुसरी जागा नाही. दोन माणसं लागतात. एकटीनं मीसुद्धा करत नाही, अगदीच शहाणं कुत्रं असेल तर गोष्ट वेगळी.

एकानं कुत्र्याला उभं किंवा कुशीवर झोपवून धरायचं. एक हात मानेखालून, दुसरा पोटाखालून, आणि तोंडानं त्याच्याशी बोलत राहायचं. चावरा असेल तर मझल घाला. मझल नसेल तर सुती पट्टीनं तोंड सैलसर बांधा. पण धापत असलेल्या कुत्र्याचं तोंड कधीच बांधायचं नाही, तेवढ्या वेळात तो आणखी तापतो. पग, शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्यांना तर ही पट्टी नकोच.

दुसऱ्यानं थर्मामीटरच्या टोकाला व्हॅसलीन लावायचं. नसेल तर खोबरेल तेल. थर्मामीटर सुरू करायचा. शेपटी मुळाशी धरून हळूच वर उचलायची, ओढायची नाही. टोक गुदद्वाराला टेकवून क्षणभर थांबा. जनावर आवळून धरतं, मग सोडतं. सोडलं की हलकं फिरवत आत सरकवायचं. मांजराला किंवा छोट्या जातीच्या कुत्र्याला साधारण दोन सेंटिमीटर पुरे, मोठ्या कुत्र्याला तीन-चार. जोर कुठेच लावायचा नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. आत गेल्यावर टोक एका बाजूला किंचित तिरकं करून आतल्या भिंतीला टेकवायचं. मधोमध ठेवलं तर ते शीमध्ये घुसतं आणि शीचं तापमान दाखवतं. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. दोन दिवस शी न झालेला एक जर्मन शेफर्ड आला होता. मी १००.२ वाचलं आणि "ताप नाही" असं लिहून मोकळी झाले. माझ्या वरिष्ठांनी कागद वाचला, कुत्र्याचे डोळे बघितले, काही न बोलता थर्मामीटर हातात घेतला आणि माझ्यासमोर परत लावला. १०४.४. तेव्हापासून आकडा आणि जनावराचा चेहरा जुळला नाही की मी आकड्यावर संशय घेते.

बीप वाजेपर्यंत थर्मामीटर आणि शेपटी दोन्ही एकाच हातात धरून ठेवा. म्हणजे कुत्रं हललं तरी हात त्याच्याबरोबर हलतो. काढला की पुसायच्या आधी टोक बघा: रक्त, शेंबडासारखा चिकट पदार्थ, डांबरासारखी काळी शी, पांढरे कण. कधीकधी आकड्यापेक्षा हेच जास्त सांगून जातं.

दोनदा मोजला, दोन आकडे आले. खरा कुठला?

फरक ०.२-०.३ चा असेल तर सोडून द्या. एक अंशाच्या वर असेल तर बहुतेक वेळा मोठा खरा. छोटा शीमुळे, टोक नीट आत न गेल्यामुळे किंवा बीपच्या आधी काढल्यामुळे येतो. पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा मोजा. जुलाब लागलेल्या किंवा म्हातारपणामुळे गुदद्वार सैल पडलेल्या जनावरात आत हवा शिरते, तिथेही आकडा कमी येतो.

मांजर शेपटीला हात लावू देत नाही. काय करू?

टॉवेल जाडसर घ्या. मांजर त्यात गुंडाळून फक्त मागची बाजू बाहेर ठेवा, डोकं तुमच्या काखेखाली, अंधारात. अंधारात मांजर शांत होतं. एक मिनिटात जमलं तर जमलं, नाही तर सोडून द्या. ओढाताण करून घेतलेला आकडा तसाही फुगलेला असतो, आणि मांजराचा ओरखडा तुम्हाला आठवडाभर पुरतो.

काखेत लावला तर?

लावता येतो, पण अंतर्गत तापमानापेक्षा बरेचदा अंशभर किंवा त्याहून कमी येतो. हा फरक ठरलेला नसतो, म्हणून "काखेत आला त्यात एक मिळवा" असला हिशेब मी करत नाही. एक उपयोग मात्र आहे. काखेतच १०३ आला तर आतला त्याहून जास्तच असणार, तेव्हा निघा. काखेत १०० आला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

घरी ताप नव्हता, दवाखान्यात १०३ निघाला. असं कसं?

घाबरल्यामुळे. मांजरांमध्ये हे फार. डब्यात कोंबलेलं, रिक्षात हादरलेलं, बाजूला भुंकणारं रॉटवायलर. एवढ्यानं १०३ किंवा थोडं वरही जातं. कुत्रं उड्या मारून, खेळून आलं असेल तरी जातं. म्हणून मी अर्धा तास थांबवून परत मोजते. आणि म्हणूनच घरचा, जनावर निवांत असतानाचा आकडा माझ्या दृष्टीनं दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा मोलाचा. जनावर धडधाकट असताना दोन-तीन वेळा मोजून वहीत लिहून ठेवा. तुमच्या कुत्र्याचं नेहमीचं १००.८ असेल आणि आज १०२.६ असेल, तर ते मला माहीत असायला हवं.

किती आकड्याला काय करायचं?

ताठ रेषा ओढता येत नाही, पण मी फोनवर साधारण असं सांगते. १०२.५ ते १०३: सावलीत, शांत ठेवून तासाभरानं परत मोजा. १०३ च्या वर दोनदा आला आणि जेवत नाही, सुस्त आहे, तर त्याच दिवशी दाखवा. १०४ च्या वर उद्यावर ढकलू नका. १०६ म्हणजे आत्ता, या क्षणी. आणि खालच्या बाजूला, मोठ्या जनावरात ९९ च्या खाली आला, तो खरा असल्याची खात्री झाली आणि जनावर मलूल असेल, तर तीही धावपळच. लोक वरचा आकडा बघून पळत येतात, खालचा आला की "चला, ताप नाही" म्हणून झोपतात. ९७ घेऊन आलेलं उलट्या-जुलाबाचं पिल्लू मला १०४ वाल्यापेक्षा जास्त घाबरवतं.

ताप आणि ऊन लागणं यात फरक काय? दोन्हीत अंग तापतंच ना?

तापतं, पण कारण उलटं आहे, आणि खान्देशात हा फरक कळायलाच हवा.

मेंदूत शरीराचं तापमान ठरवणारी जागा असते. घरातल्या फ्रिजच्या बटणासारखी. जंतुसंसर्ग झाला की शरीर स्वतःच ते बटण वर फिरवतं. मग जनावराला १०१ असतानाही थंडी वाजते, ते अंगाचं मुटकुळं करतं, कापतं, उन्हात जाऊन बसतं, कोपऱ्यात शिरतं. शरीर ठरवून तापतंय, आणि जंतूंशी लढायला मध्यम तापाचा थोडा उपयोगही होतो. हा ताप. असा खरा ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही.

ऊन लागतं तेव्हा बटण जागेवरच असतं. शरीराला तापायचं नसतं, पण उष्णता बाहेर टाकता येत नाही. ते जनावर मुटकुळं करत नाही. चारी पाय पसरून फरशीवर पडतं, जीभ लांब बाहेर, धाप थांबत नाही, पाण्याच्या टाक्याशी जातं, केळीच्या बागेतल्या ओल्या मातीत खड्डा करून बसतं. इथे आकडा १०६, १०७, १०८ असा चढत जातो.

पहिल्यावर गार पाणी ओतलं तर शरीर आणखी कापून उष्णता तयार करतं. दुसऱ्याला तापाची गोळी दिली तर काडीचा उपयोग नाही, कारण गोळी बटण खाली आणते आणि बटण हललेलंच नाही. वर पोटाला आणि मूत्रपिंडाला मार बसतो तो वेगळा. म्हणून फोनवर आकडा सांगताना जनावर कसं बसलंय, काय करतंय तेही सांगा.

उष्माघात झालाय असं वाटलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं?

आधी गार करा, मग गाडीत घाला. हा क्रम उलटा झाला की जनावर रस्त्यातच जातं.

सावलीत घ्या. नळाचं साधं पाणी अंगभर ओता. पोट, जांघा, काखा, पंजे, मान, आणि केसांच्या आत कातडीपर्यंत बोटं घालून. मग पंखा. ओलं अंग आणि वारा, दोन्ही एकत्र हवेत. कारण सोपं आहे. भुसावळला मे महिन्यात हवा ४५ सेल्सिअसला टेकते आणि कुत्र्याचं अंग असतं ३८.५. म्हणजे हवा कुत्र्यापेक्षा गरम. कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे भट्टीवरचा भाता. पाणी वाळताना जी उष्णता ओढून घेतं, तेवढाच एक रस्ता उरतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्यांना जरासा ओलावा येतो तेवढाच. बाकी सगळी मदार धापण्यावर. शुद्धीत असेल तर प्यायला पाणी पुढे ठेवा, बळेच घशात ओतू नका.

दर दोन-तीन मिनिटांनी मोजा. १०३ ला आलं की पाणी ओतणं थांबवा आणि पुसून कोरडं करा. शरीर त्यानंतरही खाली घसरत राहतं. तुम्ही १०१ पर्यंत ओतत राहिलात तर ते ९८ वर जाऊन पडतं. थर्मामीटर हाताशी नसेल तर दहा मिनिटं गार करून निघा, गाडीच्या काचा उघड्या किंवा एसी चालू.

आणि कृपा करून ओली गोधडी गुंडाळू नका. एका मे महिन्यात दुपारी सव्वातीनला दवाखान्यासमोर रिक्षा थांबली. मांडीवर पग, त्याच्याभोवती ओली गोधडी. आणणाऱ्या आजींनी सगळं प्रेमानं केलं होतं. गोधडी उलगडली तर आतून अक्षरशः वाफ आली. जीभ जांभळासारखी, लाळ दोरीसारखी घट्ट, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. थर्मामीटर १०७.८. गोधडीनं पहिली दोन मिनिटं गार केलं असेल, नंतर तिनं उष्णता आत कोंडली. अंगणातल्या पाइपखाली धरला, टेबलफॅन ओढून आणला, सलाईन लावलं. वीस मिनिटांत १०३. आजी म्हणाल्या, "चला, वाचला." दुसऱ्या दिवशी त्याला रक्ताची शी झाली आणि पोटाच्या कातडीवर लाल ठिपके उठले. पाच दिवस सलाईनवर होता, मग घरी गेला.

म्हणून आकडा खाली आला आणि कुत्रं उभं राहिलं तरी दवाखाना चुकवू नका. रक्त गोठण्याची गडबड आणि मूत्रपिंडाचा बिघाड एक ते तीन दिवसांनी वर येतो. तसंच, वाटेत पाणी ओतून आणलेल्या कुत्र्याचा ताप दवाखान्यात १०१ भरला म्हणून ऊन लागलंच नव्हतं असं होत नाही.

कूलर लावलेला असतो तरी कुत्रं धापतं. का?

खिडक्या बंद आहेत का बघा. बंद खोलीत कूलर तासभर चालला की हवा दमट होते, आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी वाळत नाही. धाप असते, पण गारवा नाही. कूलरसमोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. जूनच्या सुरुवातीला, पाऊस तोंडावर असताना, ऊन कमी झालं तरी उष्माघाताची जनावरं येतात ती याच दमटपणामुळे. आणि लाइट गेली की गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बांधलेल्या कुत्र्याची आठवण सगळ्यात आधी यायला हवी.

ऊन लागू नये म्हणून आपण खिशात कांदा ठेवतो. कुत्र्याला कांद्याचा रस दिला तर?

नका देऊ. खिशात ठेवा, हवा तर पट्ट्याला बांधा, पण पोटात नको. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कुठलाही कांदा कुत्र्या-मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. परिणाम लगेच दिसत नाही. काही दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी लालसर होते. लसूणही त्याच भावकीतला. शेवभाजीचा रस्सा भाकरीवर ओतून देणाऱ्यांनीही हे वाचावं.

क्रोसिन, डोलो, कॉम्बिफ्लाम यातली अर्धी गोळी देऊ का?

क्रोसिन, डोलोत असतं ते पॅरासिटामॉल मांजराला म्हणजे विष. हा शब्द मी सैल वापरत नाही. ते औषध निकामी करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. रक्त तपकिरी होतं, हिरड्या चॉकलेटी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. पाचशेची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. दिली गेली असेल तर लपवू नका. लवकर आलात तर त्यावर औषध आहे, आणि मला तुमच्यावर ओरडण्यापेक्षा वेळ वाचवण्यात रस आहे.

कुत्र्याला आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नका; पोटात अल्सर, रक्ताच्या उलट्या, मूत्रपिंड निकामी. कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन दोन्ही असतात. डायक्लोफेनॅक तर जनावरांच्या उपचारातून आपल्या देशात २००६ सालीच बंद झालं, तेही गिधाडांमुळे: औषध दिलेली गुरं मेली आणि ती खाऊन गिधाडं संपली.

यालाच जोडून आणखी एक. "मॅडम, ताप उतरायचं इंजेक्शन मारून द्या, बाकी राहू द्या." देता येतं, आकडा उतरतोही. पण कारण तसंच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी ताप कसा चढतो-उतरतो हे बघायची माझी वाट बंद होते.

ताप आहे, अंगावर गोचीड होते. गोचीड ताप असेल का?

आपल्याकडे १०४-१०५ ताप आणि जेवण सोडलेलं कुत्रं आलं की पहिला संशय तोच. कुत्र्याची तपकिरी गोचीड घरातच वाढते. धाब्याच्या घरांच्या मातीच्या भिंतींत, फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीमागे बघा. ती चावल्यावर ताप साधारण एक ते तीन आठवड्यांनी येतो, म्हणून "आता तर एकही गोचीड नाही" या म्हणण्याला अर्थ नसतो.

गोचीड तापाचे मुख्य दोन प्रकार, एर्लिकिया आणि बॅबेसिया. एर्लिकियात प्लेटलेट कमी होतात, नाकातून रक्त येऊ शकतं. बॅबेसियात रक्तपेशी फुटून हिरड्या पांढऱ्या होतात आणि लघवी काळ्या चहासारखी. दोन्हीची औषधं वेगळी, त्यामुळे रक्त तपासल्याशिवाय अंदाजानं गोळ्या सुरू करू नका. ताप एक-दोन दिवस आपोआप उतरतो, कुत्रं जेवतं, घरचे खूश होतात, आणि आजार आत मुरतो. अशा कुत्र्याला थर्मामीटर लावताना जरा जास्त व्हॅसलीन लावा. प्लेटलेट कमी असतील तर थोड्या घासण्यानंही रक्त येतं.

पिल्लांमध्ये उतरून परत येणारा ताप, सोबत डोळ्या-नाकातून घाण, म्हटलं की डिस्टेंपर हा विषाणूचा आजार डोक्यात ठेवावा लागतो. त्यात पहिला ताप येऊन जातो आणि काही दिवसांनी दुसरा येतो.

बोका दोन दिवस गायब होता. आला तो तापानं फणफणलेला. जखम तर दिसत नाही.

केसांत बोटं फिरवून बघा. शेपटीचं मूळ, गाल, पुढचे पाय. मारामारीत दुसऱ्या बोक्याचा सुळा लागला की वरचं छिद्र एका दिवसात मिटतं आणि पू आत राहतो. दोन-चार दिवसांत गळू आणि १०४. फोडून साफ करावं लागतं, पण घरी सुईनं नाही.

थर्मामीटर म्हणतो १०१.५, पण कुत्री उठत नाही. मग चिंता नको ना?

चिंता हवी. नसबंदी न केलेली, सहा-सात वर्षांची कुत्री, माजावर येऊन महिना-दीड महिना झाला, पाणी खूप पिते, पोट फुगलंय: गर्भाशयात पू झालेला असू शकतो, आणि त्यात ताप असतोच असं नाही. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात मांजराचा आकडा उलट खाली जातो. ताप नाही याचा अर्थ फक्त ताप नाही एवढाच.

पिल्लू गार लागतंय. दूध पाजू का?

आधी ऊब, मग दूध. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला पहिल्या आठवड्यात कापताही येत नाही. ते आईच्या आणि भावंडांच्या उबेवर जगतं. त्याचं तापमान ९५ ते ९९ असतं, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ९७ ते १००, आणि महिन्याचं झालं की मोठ्यांसारखं. ९५ च्या खाली गेलेल्या पिल्लाचं आतडं हलत नाही. पाजलेलं दूध तसंच पडून नासतं किंवा श्वासनळीत जातं. अंगाशी, कपड्याच्या आत धरून अर्ध्या-एक तासात हळूहळू गरम करा. गरम पाण्याची पिशवी असेल तर भोवती दुपदरी टॉवेल हवाच, आणि पिल्लाला तिच्यापासून दूर सरकायला जागा हवी. चटके बसलेली पिल्लं मी थंडीनं गेलेल्यांइतकीच पाहिली आहेत.

बहुतेक डिजिटल थर्मामीटर ९० च्या आसपास थांबतात, त्याखाली पडद्यावर आकड्याऐवजी 'लो' किंवा 'एल' असं काहीतरी उमटतं. तो थर्मामीटरचा बिघाड समजून बॅटरी बदलत बसू नका.

कुत्री व्यायला झाली आहे. ताप बघून दिवस कळतो म्हणतात, खरं का?

बऱ्यापैकी खरं. साधारण ६३ दिवसांचा काळ असतो. सत्तावन्नाव्या-अठ्ठावन्नाव्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोजा. व्यायच्या आधी १२ ते २४ तास तापमान एकदम ९९ च्या खाली उतरतं आणि परत वर येतं. दिवसातून एकदाच मोजलं तर ही घसरण निसटते. घसरण दिसून २४ तास झाले आणि कळा नाहीत, तर वाट बघू नका, फोन करा.

लस दिल्यावर ताप आला.

एक-दोन दिवस थोडा ताप, सुस्ती चालते. तोंड सुजलं, उलट्या लागल्या, तर लगेच आणा. ती ॲलर्जी असते.

गल्लीतलं कुत्रं आजारी दिसतंय. त्याचा ताप मोजून सांगू का?

मन चांगलं आहे, पण नको. लाळ गळतेय, चाल झोकांड्यांची आहे, आवाज बदललाय, विनाकारण चावायला धावतंय किंवा उलट कधी नव्हे इतकं गरीब झालंय, तर पिसाळल्याची शक्यता धरून लांब राहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. थर्मामीटरच्या आकड्यावरून रेबीज कळत नाही. चावलं, ओरखडलं किंवा जखमेला लाळ लागली तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

सशाचाही असाच मोजायचा का?

सशाचं नेहमीचं तापमान १०१.३ ते १०४, म्हणजे आणखी वर. पण घरी मोजू नका. लाथ झाडताना ससा स्वतःचाच मणका मोडून घेतो.

दवाखान्यात येताना काय आणू?

आकडा, वेळ, जागा, आणि तेव्हा जनावर काय करत होतं. पारोळ्याकडच्या एका शाळकरी पोरानं मला वहीचं फाडलेलं पान दिलं होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं: "सकाळी ७, मागून, १०२.४, बिस्कीट खाल्लं. दुपारी २, मागून, १०२.८, झोपला. रात्री ९, मागून, १०४.६, कापत होता, पाणी नाही." असे तीन दिवस, नऊ ओळी. दवाखान्यात मी मोजला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते आणि ताप होता १०२.६. ते पान नसतं तर मी त्याला पोटाचं औषध देऊन परत पाठवलं असतं. रक्त तपासलं, एर्लिकिया निघाला.

तोच थर्मामीटर धुऊन घरात वापरला तर चालेल ना?

साबणाच्या पाण्यानं टोक धुवा, स्पिरिटनं पुसा, आणि तरीही नाही. टोपणावर मार्करनं ठळक 'कु' लिहा आणि डबा वेगळ्या कपाटात ठेवा. आमच्या शेजारच्या घरी लिहिलं नव्हतं. काकांना ते कळलं तेव्हा थर्मामीटर त्यांच्या तोंडात होता.